अहवालातला एक शब्द

त्या शाळेच्या संचालक मंडळाने मला बोलावले तेव्हा काम कागदावर साधे दिसत होते. तीन वर्षांपासून गणिताचे निकाल घसरत होते, दोन वर्षांत नऊ शिक्षक सोडून गेले होते, आणि याची कारणे शोधून मला अहवाल द्यायचा होता. कागदावर नसलेली गोष्ट अध्यक्षांनी पहिल्या भेटीनंतर दारापर्यंत सोडायला येताना सांगितली. ते म्हणाले, "कारण आम्हाला ठाऊक आहे, फक्त ते बाहेरच्या माणसाने सांगितलेले बरे." कारण म्हणजे मुख्याध्यापिका, हे त्यांनी उच्चारले नाही आणि मला विचारावेही लागले नाही.

शैक्षणिक सल्लागाराच्या कामात हे नवीन नाही. निर्णय आधीच झालेला असतो, त्यावर तटस्थ शिक्का हवा असतो, आणि शिक्का मारायला आपल्याला बोलावलेले असते. तरीही मी ते काम घेतले, कारण माझ्या करारातले एक कलम त्यांनी बारकाईने न वाचताच मान्य केले होते : अहवाल संपूर्ण मंडळासमोर मी स्वतः मांडीन आणि माझ्या लेखी संमतीशिवाय त्यातला मजकूर गाळता किंवा बदलता येणार नाही. अकरा वर्षे शिकवून आणि सहा वर्षे शाळा चालवूनही हे कलम मला सुचले नव्हते. सल्लागार झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी एका संस्थेने माझ्या अहवालातली गैरसोयीची चार पाने काढून उरलेला अहवाल माझ्याच नावाने वाटला, तेव्हा ते सुचले. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुली मला मानधन किती मागावे हे आधी विचारतात, आणि मी त्यांना आधी करार कसा लिहावा ते सांगते, तेव्हा त्यांचा थोडा विरस होतो.

तीन आठवड्यांत वर्गनिरीक्षणे, शिक्षकांच्या मुलाखती, हजेरीपत्रके आणि पाच वर्षांचे गुणपत्रक तपासून झाले. अहवालाचा कच्चा मसुदाही तयार होता. शेवटच्या दिवशी एकच काम उरले होते, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवते : शाळाप्रमुखाच्या मागे दिवसभर सावलीसारखे राहून प्रत्येक घडामोडीची नोंद करणे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या मागे असेच राहून १९७३ मध्ये निष्कर्ष मांडले होते आणि त्यांत असे आढळले होते की त्या अधिकाऱ्यांची निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आतच संपत होती. शाळेत ही पद्धत फार उपयोगी पडते, कारण मुलाखतीत प्रत्येक मुख्याध्यापक आपण बहुतेक वेळ अध्यापनाकडे देतो असेच सांगतो, आणि ते सांगताना तो खोटेही बोलत नसतो. माझ्या नोंदपत्रकात पाच रकाने असतात : वेळ, कोणाशी, कशाबद्दल, किती मिनिटे, आणि सुरुवात कोणी केली. पाचव्या रकान्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण खरी माहिती त्यातच असते.

सकाळी साडेसातला मुख्याध्यापिका फाटकाशी उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले ते फाशीचा दोर घेऊन आलेल्या माणसाकडे पाहावे तसे, आणि त्यांचे तरी काय चुकले? पहिल्या तासाभरात १४ नोंदी झाल्या. एका पालकाची तक्रार, गैरहजर शिक्षकांच्या जागी बदली तासिका, पाण्याची मोटर, रजेच्या तीन अर्जांवर सह्या, आणि मंडळाच्या कार्यालयातून एकाच विषयावर आलेले दोन फोन.

तिसऱ्या तासिकेला त्या सातवीच्या गणिताच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मी त्यांच्या शेजारी बसले. शिक्षिका तरुण होती, नोकरीतले तिचे पहिलेच वर्ष होते. तिने फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले, मोठा कोणता असे विचारले, आणि ती थांबली. तिचा उजवा हात पाठीमागे होता आणि अंगठा एकेका बोटाच्या टोकाला टेकत होता : एक, दोन, तीन, चार. तोवर पुढच्या बाकावरचे हात खाली गेले होते, मागच्या भिंतीजवळचा एक हात वर आला होता, आणि त्या मुलाने उत्तर तर दिलेच, पण दोन्ही अपूर्णांकांचे छेद सारखे का करून घेतले तेही सांगितले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांब आणि कारणांसह येऊ लागतात, हे अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासून दाखवले होते. हे शिक्षकांना प्रशिक्षणात सांगणे सोपे असते. वर्गात चाळीस डोळे आपल्याकडे लागलेले असताना ती शांतता सहन करणे अवघड असते. बोटे मोजण्याची युक्ती कोणाची, असे मी नंतर त्या शिक्षिकेला विचारले. "बाईंनी दिली. त्या चार वेळा माझ्या वर्गात बसल्या होत्या, म्हणजे थोडा थोडा वेळ," ती म्हणाली.

थोडा थोडा वेळ म्हणजे काय, ते त्या दिवशी मी घड्याळावर पाहिले. सतराव्या मिनिटाला शिपाई दारात आला. अध्यक्षांच्या कार्यालयातून फोन होता; वार्षिक समारंभात पहिल्या रांगेत कोणाला बसवायचे याची यादी तातडीने हवी होती. बाई उठून गेल्या आणि त्या वर्गात परत येऊ शकल्या नाहीत. ती सतरा मिनिटे हा त्यांच्या संपूर्ण दिवसातला सर्वांत मोठा सलग वेळ ठरला.

खरा धक्का मला बसला तो दुपारी, आणि तो त्यांच्या नोंदपत्रकामुळे नव्हे. माझ्याबरोबर एक तरुण सहकारी होता. त्याला माझ्याकडे येऊन आठ महिने झाले होते आणि शिकण्यासाठी म्हणून तो माझे जुने अहवाल वाचत असे. मसुद्यावरून नजर फिरवत त्याने जरा अडखळतच विचारले, "मॅडम, वर्षाच्या मध्यावर अनुभवी शिक्षक वरच्या वर्गाला द्यायला यांनी नकार दिला, याला आपण हट्टीपणा म्हटले आहे. गेल्या वर्षीच्या त्या दुसऱ्या शाळेतल्या सरांनी हेच केले होते ना? तिथे आपण ठाम म्हटले होते."

मी आधी चिडले. परिस्थिती वेगळी होती, असे काहीतरी त्याला म्हणाले आणि जुना अहवाल उघडला. परिस्थिती वेगळी नव्हती. मंडळाने तीच मागणी केली होती, नकार तोच होता, आणि नकाराचे कारणही जवळजवळ त्याच शब्दांत दिलेले होते. सरांबद्दल मी लिहिले होते, "दबावाखालीही शैक्षणिक हिताच्या भूमिकेवर ठाम राहतात." बाईंबद्दल लिहिले होते, "स्वभावाने काहीशा हट्टी असून मंडळाशी जुळवून घेणे त्यांना जड जाते." ज्या विशेषणापायी मी स्वतः मुख्याध्यापिका असताना दोनदा राजीनामा लिहून फाडला होता, तेच विशेषण मी दुसऱ्या बाईला निवांतपणे चिकटवले होते, आणि तेही अध्यक्षांनी मला काही सांगण्याची गरज न पडता. दारातले ते एक वाक्य माझ्या कानात किती खोल गेले होते, हे मला त्या दुपारी कळले.

मग आम्ही दोघांनी अहवालातली स्वभावाबद्दलची प्रत्येक ओळ काढली आणि तिच्या जागी काय घडले ते लिहिले. ते लिहू लागल्यावर तीन आठवडे समोर असलेली एक गोष्ट दिसली. बाई रुजू झाल्या त्या पहिल्या दोन वर्षांत मंडळाच्या सांगण्यावरून सहावीचे गणिताचे शिक्षक वर्षाच्या मध्येच वर हलवले गेले होते आणि बाईंनी ते मुकाट मान्य केले होते. निकालांची घसरण याच दोन तुकड्यांबरोबर एकेक इयत्ता वर सरकत होती. ज्या वर्षी त्यांनी नकार दिला, त्या वर्षीच्या सहावीचे गुण पूर्वीच्या पातळीवर होते. ज्या नकाराला मी दोष म्हणून नोंदवले होते, तिथेच घसरण थांबली होती.

बाईंचे दोषही अहवालात राहिले. दिवसभरातल्या ७१ नोंदींपैकी २३ कामे अशी होती की ती उपमुख्याध्यापकांकडे सहज देता आली असती. रजेच्या प्रत्येक अर्जावर आणि भांडारातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूवर सही त्यांचीच लागे. पण १८ नोंदींत सुरुवात मंडळाच्या कार्यालयाने केली होती, आणि सोडून गेलेल्या नऊपैकी सात शिक्षकांनी जाताना लिहून दिलेली तक्रार ऐनवेळी बदलणाऱ्या वेळापत्रकाचीच होती. ते बदल कोठून येत होते, ते पाचव्या रकान्यात होतेच.

संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. मंडळावर नऊ सदस्य होते, त्यांत स्त्री एक. सुरुवातीचे तीन प्रश्न माझ्या सहकाऱ्याला विचारले गेले. ही सवय मला जुनी आहे, म्हणून मी प्रत्येक सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकवते : "यावर मॅडम सांगतील." त्याने ते तिन्ही वेळा न चुकता म्हटले. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिक्षक सर्वेक्षणात निम्न माध्यमिक स्तरावरील शिक्षकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सरासरी ६८ टक्के होते आणि शाळाप्रमुखांमध्ये ४७ टक्के. फळ्यापासून प्रमुखाच्या खुर्चीपर्यंतच्या वाटेत स्त्रिया कोठे गळतात, याचे उत्तर मला अशा बैठकांमध्ये पुष्कळदा मिळते. स्त्री-नेतृत्वावर बोलायला मला दर वर्षी ८ मार्चच्या आसपास अगत्याने बोलावतात, बहुधा विनामूल्य. वेळापत्रक आणि अंदाजपत्रकावर मी बोलू लागले की मात्र शेजारच्या पुरुषाकडे पाहिले जाते.

मी नोंदपत्रक पडद्यावर ठेवले आणि काही भाष्य न करता वेळेनुसार वाचत गेले. अकराव्या नोंदीपर्यंत कोणी बोलले नाही. पहिल्या रांगेच्या यादीची नोंद आली तेव्हा एक सदस्य खोकले. तुकड्यांचा आलेख दाखवून झाल्यावर अध्यक्ष हसत म्हणाले, "शेवटी बाईने बाईचीच बाजू घेतली म्हणायची."

या वाक्याची मला भीती होती, आणि सकाळचा मसुदा तसाच राहिला असता तर कदाचित माझी सुटकाही झाली असती, कारण बाईच्या विरोधात लिहिणारी बाई नेहमीच तटस्थ मानली जाते. मी म्हणाले, "आज दुपारपर्यंत माझ्या मसुद्यात त्यांना हट्टी म्हटले होते. तीच कृती करणाऱ्या एका सरांना गेल्या वर्षी मी ठाम म्हटले होते. चूक माझी होती, ती मी दुरुस्त केली आहे. आता अहवालात कोणाच्याही स्वभावाबद्दल एक शब्द नाही, तेव्हा बाजू कोणती ते आपण आकड्यांवरूनच ठरवू." हे बोलताना माझा आवाज थोडा कापला, आणि तो कापला नसता तर बरे झाले असते असे मला आजही वाटते.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या, हिशेब पाहणाऱ्या एका वयस्क सदस्यांनी तुकड्यांचे पान पुन्हा दाखवायला सांगितले. चष्मा वर सरकवून त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सहावीचे शिक्षक हलवण्याचा ठराव आपलाच होता ना?" कोणी उत्तर दिले नाही. जुने इतिवृत्त मागवण्यात आले आणि पुढची चर्चा माझ्याशिवाय झाली.

मुख्याध्यापिकांना काढण्याचा विषय त्या वर्षी आला नाही. मला मात्र त्या संस्थेने पुन्हा बोलावले नाही. अहवालातले चौदावे पान वगळण्याची विनंती आली, मी करारातले कलम दाखवले, आणि मानधनाचा दुसरा हप्ता चार महिने अडकला. दीड वर्षाने बाई स्वतःच ती शाळा सोडून दुसरीकडे प्रमुख म्हणून रुजू झाल्या. तिथून एके दिवशी त्यांचा फोन आला. कोरे नोंदपत्रक पाठवाल का, असे त्यांनी विचारले. पहिला महिनाभर दर बुधवारी त्या स्वतःचीच नोंद ठेवणार होत्या. मी पाठवते म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "पाचवा रकाना जरा रुंद करून द्या, तिथे मला जागा पुरणार नाही."