गाडी नावावर झाली म्हणजे आपली झाली का?

आम्ही न्यूझीलंडला तीन महिने कॅम्परव्हॅनमधून (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) फिरून आलो हे कळल्यापासून आमच्या डहाणूकर कॉलनीत जो भेटेल तो एकच विचारतो, की तुम्ही तिथले नाही, तुमच्याकडे तिथलं लायसन नाही, मग गाडी तुमच्या नावावर झालीच कशी? आता प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे की विकत का घेतली. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, आणि न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर आपल्या देशातलं काम ऑनलाइन करायला परवानगी दिली, त्यामुळे पंधरा दिवसांची ट्रिप एकदम तीन महिन्यांची झाली. तीन महिने भाड्याची कॅम्परव्हॅन म्हणजे आम्हाला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे रोजचे १५० डॉलर (इथे सगळीकडे डॉलर म्हणजे न्यूझीलंडचे, तेव्हा साधारण ४९ रुपयांना एक), म्हणजे साडेतेरा हजार डॉलर नुसते गेले. त्यापेक्षा सेकंडहँड घ्यावी आणि जाताना विकावी असा विचार केला. युरोपचं पण बघितलं होतं, पण तिथे शेंगेनमुळे (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं आणि जर्मनीसारख्या देशात गाडी नावावर करायची तर तिथला राहण्याचा रजिस्टर केलेला पत्ता मागतात, म्हणून ते सोडून दिलं. न्यूझीलंडला गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, आणि आपलं लायसन इंग्लिशमध्ये असेल तर तेच चालतं. आम्ही तरी इंटरनॅशनल परमिट काढून घेतलं, जवळ असलेलं बरं.

ऑकलंडला माझी पुतणी राहते, सँडरिंगहॅममध्ये. तिचा पत्ता आम्हाला फार उपयोगी पडला कारण गाडी नावावर करताना न्यूझीलंडमधला पत्ता द्यावा लागतो आणि कागद तिथेच पोस्टाने येतात. ज्यांचं तिथे कुणी नाही ते हॉस्टेलचा वगैरे पत्ता देतात, पण आधी हॉस्टेलवाल्यांना विचारून घ्या. पैसे आम्ही दोघांनी वेगवेगळे पाठवले, कारण तेव्हा एका माणसाने वर्षात ७ लाखांच्या वर बाहेर पाठवले की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायची (एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली). कापला तरी रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो, पण ऐन प्रवासात पैसा अडकतोच ना.

आता मुख्य गोष्ट. मी आयुष्यात तीन जुन्या गाड्या घेतल्यात, तिन्ही पुण्यात, त्यामुळे डोक्यात एकच पक्कं होतं, आरसीवर आपलं नाव आलं की गाडी आपली. आपल्याकडे फॉर्म २९, फॉर्म ३०, इन्शुरन्स, पीयूसी असं सगळं लागतं, वेळ जातो, पण गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर ते आरसीवरच लिहिलेलं असतं, हायपोथिकेशन म्हणून, आणि बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय ते उतरत नाही. म्हणजे घेणाऱ्याला कागद बघूनच कळतं की ह्या गाडीत अजून कुणाचा जीव अडकलाय.

न्यूझीलंडमध्ये तसं नाही! तिथे रजिस्टरमध्ये ज्याचं नाव असतं तो गाडीसाठी जबाबदार माणूस, म्हणजे दंड आला, टोल राहिला, तर त्याला शोधायचं. तो मालक आहेच असं त्या कागदावरून सिद्ध होत नाही. आणि कर्ज त्या कागदावर दिसतच नाही, त्यासाठी वेगळं सरकारी रजिस्टर आहे, पीपीएसआर नावाचं, त्यात नंबर प्लेट टाकून थोडे पैसे भरून शोधायचं. कर्ज गाडीच्या मागे लागतं, म्हणजे आधीच्या माणसाने हप्ते बुडवले तर फायनान्सवाले तुमच्या दारातून गाडी घेऊन जाऊ शकतात, तुम्ही पूर्ण पैसे मोजलेले असले तरी.

हे मला पहिल्या गाडीच्या वेळी कळलं. पांढरी शुभ्र हाय रूफची, म्हणजे उंच छताची, टोयोटा हायेस व्हॅन, आत लाकडाचं काम, पडदे सुद्धा शिवलेले, मी तर तिथल्या तिथे हो म्हणणार होते, अगदी भाजी कुठे ठेवायची हे पण ठरवून झालं होतं. पुतणी गप्प उभी राहून फोनवर काहीतरी बघत होती, मग म्हणाली, "काकू, दोन मिनिटं बाहेर ये." बाहेर आल्यावर स्क्रीन दाखवला, गाडीवर एका फायनान्स कंपनीचं नाव होतं. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला तुमचे पैसे आले की लगेच फेडतो. असेलही तो खरा माणूस, मी त्याला वाईट म्हणत नाही, पण आमचे पैसे आमच्या हातातून गेल्यावर तो फेडतोय का नाही हे आम्ही कोणत्या तोंडाने विचारायचं? निघालो तिथून. त्या पडद्यांचं मला आठवडाभर वाईट वाटलं.

दुसऱ्या गाडीत वेगळाच प्रश्न. तिच्या मागे निळा स्टिकर होता, सेल्फ कंटेन्ड असल्याचा. हा स्टिकर म्हणजे गाडीत पाणी, सांडपाण्याची टाकी, टॉयलेट, झाकणाचा कचऱ्याचा डबा हे सगळं तीन दिवस पुरेल एवढं आहे, पिण्याचं पाणी माणशी रोजचं चार लिटर धरून. तो असेल तर समुद्राकाठी, तळ्याकाठी ठरलेल्या जागी फुकट मुक्काम करता येतो, नसेल तर बऱ्याच ठिकाणी शेकडो डॉलर दंड. पण २०२३ च्या जून मध्ये कायदा बदलला, आता टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं लागतं, कपाटात ठेवलेलं सुटं पोर्टेबल चालत नाही, आणि नवीन सर्टिफिकेट हिरवं असतं. निळे हळूहळू बाद करायचं तेव्हाच ठरलं. त्या गाडीचं टॉयलेट सीटखाली सरकवून ठेवलेलं, म्हणजे तेव्हा निळ्यावर चालली असती पण आमच्याकडून पुढे घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आपण तीन महिन्यांसाठी घेतोय म्हणजे घेतानाच विकायचा विचार करायला पाहिजे. जाहिरातीत नुसतं सेल्फ कंटेन्ड लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, हिरवं का निळं.

तिसरी घेतली. २००६ ची टोयोटा हायेस, डिझेल, जपानमध्ये वापरून मग इकडे आलेली, तिथे बऱ्याच जुन्या गाड्या अशाच जपानहून येतात. हिरवं सर्टिफिकेट, पीपीएसआर स्वच्छ, १८,५०० डॉलर सांगितले होते, १७,८०० ला ठरली. आमचा सिंहगड रोडचा गॅरेजवाला व्हिडिओ कॉलवर, इथे पुण्यात पहाटेचे चार, बिचारा उठून बसला होता. तो म्हणाला, "ताई, गाडी आधीच तापवून ठेवलीय का बघा, हात लावून बघा, आणि मग थंडच स्टार्ट करायला सांगा, मला आवाज ऐकू द्या." हायेसचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून सीट उचलायला लावली, हात लावला, गार होतं. आवाज ऐकून तो म्हणाला ठीक वाटतंय पण टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, आणि खालून गंज बघा, समुद्राकाठच्या देशातली गाडी आहे. बिल मिळालं. गंजासाठी पैसे देऊन स्वतंत्र तपासणी करून घेतली, आणि ती करायलाच पाहिजे, कारण खूप लोक म्हणतात की वॉरंट ऑफ फिटनेस आहे ना, मग झालं. नाही झालं! वॉरंट ऑफ फिटनेस म्हणजे ब्रेक, टायर, लाइट, सीटबेल्ट, बॉडीचा सांगाडा अशी सुरक्षेची तपासणी, त्यात इंजिन, क्लच, गिअरबॉक्स बघतच नाहीत. विकताना ते एक महिन्याच्या आतलं असावं लागतं, जुनं चालेल असं घेणाऱ्याने लिहून दिलं तरच सूट.

आणि नावावर करणं? नवऱ्याने घड्याळ लावलं होतं, अकरा मिनिटं. तिथलं लायसन असेल तर घरी बसून ऑनलाइन होतं, आमच्याकडे ते नव्हतं म्हणून काउंटरवर गेलो, एक पानी फॉर्म, पासपोर्ट, पुतणीचा पत्ता, किरकोळ फी, झालं. नंबर प्लेट तीच राहते. बाईने हसून ऑल द बेस्ट म्हटलं आणि आम्ही बाहेर, मला खरं वाटेना. पुण्याच्या सवयीने मी विचारलं सुद्धा की अजून कुठे सही करायची आहे का. पण हे सोपं आहे म्हणून जास्त सांभाळायचं, कारण तिथे काउंटरवर तुमच्या वतीने कुणी काही तपासत नाही, जे बघायचं ते तुम्ही पैसे देण्याआधी बघायचं. आणि हे मी पहिल्या दोन गाड्यांत शिकून सुद्धा तिसऱ्यात चुकले.

झालं असं की तिथे पेट्रोलवर रस्त्याचा कर पेट्रोलच्या किमतीतच असतो, डिझेलवर नसतो. म्हणून डिझेल गाडीला किलोमीटर आधी विकत घ्यावे लागतात, रोड युजर चार्जेस, सगळे आरयूसी म्हणतात. आमच्यासारख्या साडेतीन टनाच्या आतल्या गाडीला १००० किलोमीटरचे तेव्हा ७६ डॉलर. त्याचं लेबल काचेवर डाव्या बाजूला लावलेलं असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं की ओडोमीटरच्या कुठल्या आकड्यापर्यंत पैसे भरलेत. मी लेबल बघितलं होतं, तारीख शोधत होते, तारीख नव्हती म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांनी हॅमिल्टनच्या पंपावर नवरा काच पुसताना म्हणाला, अगं ह्यावर २,४५,००० लिहिलंय आणि आपण २,४८,३०० च्या पुढे आहोत. थकलेले आरयूसी नव्या मालकाच्या गळ्यात पडतात. ३,३०० किलोमीटर थकलेले म्हणून चार हजारांचे ३०४ डॉलर, पंधरा हजार रुपये, बहुतेक दुसऱ्याने चालवलेल्या किलोमीटरचे आम्ही भरले, आणि पुढचे आमचे वेगळे. आधीच्या मालकाला मेसेज केला, त्याने उत्तर दिलं नाही. ओडोमीटर आणि लेबल दोन्हीचा एकत्र फोटो काढा, पैसे देण्याआधी, आणि फरक किमतीतून कापून घ्या. एवढं एक वाक्य कुणी मला आधी सांगितलं असतं तर!

इन्शुरन्सचं थोडक्यात. तिथे थर्ड पार्टी सुद्धा सक्तीचा नाही, ऐकून मला धक्काच बसला. अपघातात माणूस जखमी झाला तर उपचाराचा खर्च एसीसी ही सरकारी योजना बघते, पाहुण्यांचा सुद्धा. पण तुम्ही कुणाच्या महागड्या गाडीला ठोकलंत तर ते पैसे तुमचेच. आम्ही घेतला, तुम्ही पण घ्या, ह्यात वाद नको. आणि ऑकलंडच्या उत्तरेला टोल रोड लागतो तिथे बूथ नसतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि पाच दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. वेलिंग्टनहून पिक्टनला फेरी साडेतीन तास, बुकिंगला गाडीची लांबी विचारतात, तेव्हा मागची सायकल रॅक धरून मोजा.

प्रवासाचं वेगळं लिहीन, इथे फक्त गाडीचं. विकायचं ठिकाण क्राइस्टचर्च ठरवलं होतं, मे महिना, म्हणजे तिकडे थंडी सुरू आणि फिरणारे लोक घरी चाललेले, भाव पडतो. डिसेंबरच्या आसपास विकली असती तर नक्की जास्त आले असते, पण आमची सुट्टी तेव्हा नव्हती. वॉरंट ऑफ फिटनेस नवीन केलं, पहिल्यांदा नापास, मागचा एक टायर दीड मिलिमीटरच्या खाली गेला होता, दोन टायर टाकले. मग दोन दिवस मी गाडी घासली. फोडणीचा वास पडद्यात बसतो हो, हिंग तर जातच नाही, म्हणून शेवटचे पंधरा दिवस फोडणी कॅम्पसाइटच्या किचनमध्येच केली.

१४,९०० ला गेली. म्हणजे २,९०० डॉलर गाडीत गेले, त्यात टायर, आरयूसी, इन्शुरन्स, तपासणी मिळवली तरी भाड्याच्या निम्म्याच्या खूप आत. घेणारं जोडपं तरुण होतं, पाठीवर सॅक, इंग्लिश तोडकंमोडकं. त्यांना काउंटरवर आम्हीच घेऊन गेलो, कारण विकणाऱ्याने सुद्धा लगेच कळवायचं असतं, नाहीतर त्यांचे दंड आमच्या नावावर, आणि आम्ही पुण्यात. त्या मुलीने हिरवं सर्टिफिकेट बघितलं, पीपीएसआर बघितलं, नवऱ्याने... म्हणजे तिच्या मित्राने टायर दाबून बघितले. काचेवरच्या लेबलकडे कुणी बघेना. मग मीच तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, ओडोमीटरवर बोट ठेवलं, मग लेबलवर ठेवलं, ६०० किलोमीटर शिल्लक होते. तिने दोन्हीचा फोटो काढला आणि आम्ही बॅगा घेऊन बस स्टॉपकडे निघालो.