तुम्ही विचारलंत म्हणून: ध्यानचंद असताना बलबीर कशाला?

कोल्हापुरात खेळाचा विषय निघाला की तो तालमीच्या हौद्यात नाहीतर फुटबॉलच्या शाहू स्टेडियमवर जाऊन थांबतो. हॉकीचे नाव आलेच तर इथल्या हॉकी स्टेडियमला ज्यांचे नाव दिले आहे ते मेजर ध्यानचंद सर्वांना ठाऊक असतात, आणि म्हणूनच मी हॉकीपटू बलबीर सिंग सीनियर यांच्याविषयी बोलू लागलो की प्रश्न हमखास येतो: ध्यानचंद असताना तुम्ही बलबीरांचेच नाव का घेता?

बलबीर माझ्यापर्यंत पोहोचले ते खाशाबा जाधवांमुळे. 1952 चे हेलसिंकी ऑलिंपिक आपल्याला पाठ आहे ते राजाराम कॉलेजच्या या विद्यार्थ्याच्या कांस्यपदकामुळे आणि त्याच्या प्रवासखर्चासाठी घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्य खर्डेकरांमुळे. त्याच हेलसिंकीत बलबीरांनी काय केले, हे मात्र इथे फारसे कुणी सांगत नाही. उपांत्य सामन्यात भारताने ब्रिटनला 3-1 असे आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्सला 6-1 असे हरवले. या दोन सामन्यांतल्या भारताच्या 9 गोलांपैकी 8 एकट्या बलबीरांचे होते. अंतिम सामन्यातील त्यांच्या 5 गोलांचा पुरुष हॉकीतील ऑलिंपिक विक्रम आजही अबाधित आहे.

तरीही माझ्या लेखी त्यांचा सर्वांत मोठा सामना हेलसिंकीचा नाही. 1956 साली मेलबर्नला ते कर्णधार होते. पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानविरुद्ध 5 गोल केल्यावर त्यांच्या उजव्या हाताचे बोट मोडले. ही बातमी संघाने बाहेर फुटू दिली नाही, कारण प्रतिस्पर्धी त्यांच्यावर दोन-दोन खेळाडू लावत असत आणि ते दोघे तिथेच अडकून राहावेत, अशी संघाची इच्छा होती. साखळीतील उरलेले सामने बाहेर बसून काढल्यावर ते दुखऱ्या हाताने उपांत्य आणि अंतिम सामन्यात उतरले. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा एकमेव गोल रणधीर सिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केला. बलबीरांच्या नावावर एकही गोल नाही, पण ज्याची ख्यातीच गोल मारण्याची, त्याने केवळ बचावपटूंना गुंतवून ठेवण्यासाठी मैदानात उभे राहणे मला हेलसिंकीच्या 5 गोलांहून अवघड वाटते.

बाहेर बसण्याची त्यांना सवयही लवकरच लागली होती. 1948 साली लंडनमध्ये स्वतःच्या पहिल्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध 6 गोल करूनही त्यांना पुढे वगळण्यात आले आणि थेट अंतिम सामन्यात परत घेतले गेले, तेव्हा त्यांनी ब्रिटनविरुद्ध 2 गोल केले. (निवड समित्यांचे तर्कशास्त्र तेव्हाही असेच अगम्य होते.) 1975 च्या क्वालालंपूर विश्वचषकात ते संघाचे व्यवस्थापक होते. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध भारत मागे असताना, अखेरच्या मिनिटांत पेनल्टी कॉर्नरसाठी बाकावर बसलेल्या अस्लम शेर खान यांना उतरवण्यात आले आणि त्यांनी बरोबरी साधली. राखीव खेळाडूवर एवढा विश्वास टाकायला स्वतः बाकावर बसल्याचा अनुभव कामी आला असावा, असा माझा तर्क आहे. अंतिम सामन्यात पाकिस्तानला 2-1 असे हरवून जिंकलेला तो चषक हा भारतीय पुरुष संघाचा आजवरचा एकमेव विश्वचषक आहे.

ध्यानचंद मोठे की बलबीर, या वादात मी शिरत नाही. ध्यानचंदांची तीन सुवर्णपदके पारतंत्र्यातली, बलबीरांची तीन स्वतंत्र भारताची. पहिले तर त्यांनी लंडनमध्ये ब्रिटनलाच 4-0 असे हरवणाऱ्या संघातून मिळवले, आणि तेही फाळणीने पंजाबच्या संघातले त्यांचे सोबती पलीकडे गेल्यानंतर वर्षभरातच.

त्यांचे नाव घेण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते रागाचे आहे. 1985 मध्ये त्यांनी आपली 36 पदके, मेलबर्नचा कर्णधाराचा कोट आणि दुर्मीळ छायाचित्रे नियोजित संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपवली. ते संग्रहालय झाले नाही आणि वस्तूंचा पत्ताही लागला नाही. 25 मे 2020 रोजी मोहालीत त्यांचे निधन झाले, तोवर त्या परत मिळालेल्या नव्हत्या. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती, म्हणून तेवढी वाचली.