तुम्ही विचारलंत म्हणून: मग चाळच का नाही बांधत?

तरुण मुलामुलींनी एकत्र राहायच्या इमारती आखते म्हटलं की मुंबईत पुढचा प्रश्न ठरलेला: “मग सरळ चाळच बांधा की!” विचारणाऱ्याला गॅलरी आठवत असते, गणपती आठवत असतो. सकाळी डबा घेऊन लावलेली रांग सोयीस्कर विसरलेली असते.

माझे आजोबा गिरणगावात गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, त्यांची त्याहून थोडी लहानच, आणि माणसं बावीस. गिरणीत तीन पाळ्या म्हणून झोपायच्याही पाळ्या. रातपाळीवाला आला की दुसऱ्याने वळकटी गुंडाळायची. प्रत्येकाची एक ट्रंक, जेवण खानावळीत. हे परत आणायचं? मुळीच नाही. पण खोली गावाच्या मंडळाची होती. वर्गणी, हिशेबाची वही. नवा माणूस घ्यायचा का, तेही बैठकीत ठरायचं.

हे मला उशिरा कळलं. माझ्या पहिल्या कामात चोवीस जणांना एकच ऐसपैस स्वयंपाकघर दिलं होतं. सगळे भेटतील, गप्पा होतील! तीन महिन्यांनी गेले तर फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव, सिंकमध्ये कुणाचा तरी करपलेला कुकर, आणि एक मुलगी खोलीतच इंडक्शनवर मॅगी करतेय. चोवीस जणांत तो कुकर कुणाचाच नसतो. आता आठ जणांमागे एक स्वयंपाकघर, दोन सिंक, प्रत्येकाला कुलपाचं कपाट. जिन्यावरून खोलीत जायची वाटही तिथूनच, म्हणजे तोंड चुकवता येत नाही.

झुरिकमध्ये ट्रामच्या डेपोवर 2014 साली काल्कब्राइटं ही वसाहत उभी राहिली. तिथल्या काही घरांत लहान खोल्या, ज्याचं त्याचं न्हाणीघर, आणि मोठं स्वयंपाकघर सामायिक. नकाशा आपल्यालाही जमेल. पण ती सहकारी संस्था आहे, राहणारेच सभासद. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार. कुकर कुणाचा हे कळेपर्यंत मुदत संपते.

म्हणून हल्ली पहिल्या बैठकीत मी नकाशा उघडत नाही. रिकाम्या खाटेवर कोण येणार हे कोण ठरवणार, एवढंच विचारते. बहुतेक मालक म्हणतात, “ते ॲप बघेल ना, मॅडम.”