शुगर उतरवायला टेस्टोस्टेरॉन?

आमच्या मेडिकलमध्ये शुगरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या पुरुषांचा एक ठरलेला प्रकार आहे. मेटफॉर्मिन, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, बिल, सुट्टे, सगळं आटोपतं, पण माणूस काही काउंटर सोडत नाही. शेजारचं गिऱ्हाईक गेलं की आवाज उतरतो. "दादा, ते टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन ठेवता का? शुगरपण उतरते म्हणे त्याने." सोबत मोबाइलवर जिममधल्या कुणीतरी पाठवलेला फोटो.

"चिठ्ठी आणा" एवढं म्हणून मी मोकळा होऊ शकतो. पण त्यामागची तक्रार खोटी नसते. टाइप टू डायबेटिसवाल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी असणं सर्रास आढळतं. अमेरिकेत बफेलोला डॉ. परेश दंडोना यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं की अशा पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश जणांत ते कमी होतं. बिघाड बहुतेकदा वृषणांत नसतो. पोट सुटलं, इन्सुलिन दाद देईना, की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूमच मंदावतो. मग थकवा, इच्छा नसणं आणि घरात न बोलता येणारं बाकीचं.

आता शुगर उतरते का? ऑस्ट्रेलियात 1007 पुरुषांवर अभ्यास झाला, 2021 मध्ये छापून आला. वय 50 ते 74, पोट सुटलेलं, शुगर काठावर किंवा नुकतीच लागलेली. सगळ्यांना वजन उतरवण्याचा कार्यक्रम. निम्म्यांना शिवाय दर तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉनचं एक इंजेक्शन, उरलेल्यांना तसंच दिसणारं खोटं. दोन वर्षांनी डायबेटिसच्या पातळीत सापडले इंजेक्शनवाले 12 टक्के, दुसरे 21 टक्के. मोबाइलवर फिरतो तो हाच आकडा. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी फिरवत नाही: इंजेक्शनवाल्यांपैकी 22 टक्के जणांचं रक्त मर्यादेबाहेर घट्ट झालं. दुसऱ्या गटात ते प्रमाण 1 टक्का होतं.

पुढे अमेरिकेत टेस्टोस्टेरॉनचं जेल लावून पाच हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास झाला, 2023 चा. हार्ट अटॅक, स्ट्रोक वाढले नाहीत, हा दिलासा. पण हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात गुठळी आणि हाड मोडणं थोडं जास्त दिसलं. आणि शुगरच्या बाबतीत काहीच नाही! ना काठावरचे डायबेटिसपासून वाचले, ना आधीच असलेल्यांची तीन महिन्यांची सरासरी सुधारली. माझं मत म्हणाल तर ऑस्ट्रेलियातली कमाई अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच्या माणसांची आहे. पंधरा वर्षांची शुगर घेऊन येणाऱ्याला ती लागू करू नये. अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्येच सांगितलंय की निव्वळ शुगरसाठी हे देऊ नका. त्रास खरा आणि रिपोर्टही खरोखर कमी, त्याची गोष्ट वेगळी; त्याला फरक पडतो, तोही मुख्यतः इच्छेत.

रिपोर्टचंही एक आहे. दुपारी जेवून दिलेल्या रक्ताला अर्थ नाही. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मलाही शुगर आहे, माझा टेस्टोस्टेरॉनचा आकडा काठावर आला होता. डॉक्टरांनी औषध लिहिलं नाही. "पट्टा दोन भोकं आत घ्या, मग बघू," म्हणाले. वजन उतरलं की हार्मोन आपोआप थोडं वर येतं, हे खरंच आहे, फक्त ते कुणाला ऐकायचं नसतं. एक भोक झालंय.

ज्यांना चिठ्ठीवर मिळतं त्यांना मी दोन गोष्टी सांगतोच. मूल व्हायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण बाहेरून हार्मोन घेतलं की शुक्राणू घटतात. हे ऐकून पस्तिशीतले दोघे-तिघे चिठ्ठी खिशात घालून परत गेलेत. आणि जेल असेल तर खांद्याला लावून वाळू द्या, हात साबणाने धुवा, वर शर्ट घाला, मगच नातवंडाला उचला. ते लहान पोरांच्या अंगाला लागलं तर त्यांच्यात नको त्या वयात नको ते बदल सुरू होतात. इंजेक्शनवाल्यांना ही भानगड नाही, पण ते तेलात असतं, सुईतून सावकाश उतरतं, तेव्हा कंपाउंडरला घाई करू देऊ नका.