शनिवारी बोलिंग, रविवारी भीमथडी

जुन्या मित्रमंडळींशी आपल्या जोडीदाराची ओळख करून द्यायची असेल तर कॅफेत भेटू नका. कॅफेत सगळे समोरासमोर बसतात, जुनी मंडळी कॉलेजच्या गोष्टी काढतात आणि नवीन माणूस मेनूकार्ड वाचत राहतो. त्यापेक्षा हाताला काम आणि तोंडाला खाऊ असेल अशा ठिकाणी न्या. डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही पाच जणांनी तेच केलं. शनिवारी विमाननगरला बोलिंग, रविवारी सिंचननगरच्या मैदानावर गावोगावच्या खाण्याची भीमथडी जत्रा. अनुजा, सई आणि तेजस हे माझे कॉलेजपासूनचे सोबती. माझा जोडीदार निखिल मूळचा नागपूरचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला, या तिघांना तोपर्यंत फक्त फोटोत पाहिलेला. दोन्ही दिवस फार सुंदर गेले. असा बेत तुम्हीही आखणार असाल तर उपयोगी पडेल ते सगळं लिहून ठेवते आहे.

आम्ही कोथरूडकर, म्हणून आनंदनगरहून मेट्रो धरली. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका मार्च २०२४ पासून पूर्ण सुरू झाली आणि तेव्हापासून शनिवारी दुपारी नगर रोडच्या बाजूला जायला मी दुसरा विचार करत नाही. रामवाडीला उतरलं की पुढे रिक्षाने थोडंच अंतर. डेक्कनपासून पुढे गाडी मुठेच्या पात्राला लागून जाते तेव्हा उजव्या बाजूच्या दाराशी उभे राहा, नदी दिसते. डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांची छपरं मावळी पगडीच्या आकाराची आहेत. ती बाहेरून बघायची असतात, त्यामुळे परत येताना वेळ असेल तर डेक्कनला उतरून बघा.

आता बोलिंग, म्हणजे लांब लाकडी पट्टीवरून, लेनवरून, जड चेंडू घरंगळत सोडून टोकाला उभ्या असलेल्या दहा पिना पाडायचा खेळ. सगळ्यात आधी मोजे. भाड्याचे बूट घालावेच लागतात, कारण त्यांचा तळ गुळगुळीत असतो आणि शेवटचं पाऊल घसरत पुढे जायला हवं असतं. साध्या बुटाचं रबर लाकडी जमिनीला धरून बसतं आणि माणूस तोंडावर पडू शकतो. चपला-सँडल घालून आलेल्यांना मोजे विकत घ्यावे लागतात, म्हणून घरूनच जाड सुती मोजे आणा. बोटांची नखं वाढवली असतील तर आदल्या रात्री कापा. सईने आठवणीने कापली होती, आमच्या शेजारच्या लेनवरच्या मुलीचं मात्र अंगठ्याचं नख पहिल्याच चेंडूला तुटलं.

चेंडूंवर ६ पासून १६ पर्यंत आकडे असतात, ते त्यांचं पौंडातलं वजन. पहिल्यांदा खेळणारा माणूस, विशेषतः मुलगे, जड चेंडू उचलतात. तसं करू नका. आपल्या वजनाच्या एक दशांश हा एक प्रचलित ठोकताळा आहे, पण सवय नसेल तर त्याहूनही हलका घ्या. मी ८ नंबरचा घेतला होता. मधली दोन बोटं आणि अंगठा आत जाऊन सहज बाहेर निघाला पाहिजे. अंगठा अडकतो तो चेंडू परत ठेवून द्या, मग तो रंगाने कितीही आवडलेला असो.

फाउल लाइन म्हणजे जिच्या अलीकडून चेंडू सोडायचा ती रेषा, तिच्यापासून पहिली पिन ६० फुटांवर असते. इतक्या लांबवर नेम धरायला गेलं की हात वाकडा जातो. लेनवर सुमारे १५ फुटांवर सात बाण काढलेले असतात, नेम त्यांच्यावर धरायचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवीकडून दुसऱ्या बाणावरून चेंडू सोडून पाहावा. हात झोपाळ्यासारखा मोकळा मागे जाऊ द्यायचा आणि तसाच पुढे येऊ द्यायचा, जोर लावायचा नाही. चेंडू आपटायचा नाही, जमिनीजवळ नेऊन सोडायचा. बरोबर मधल्या पिनवर गेलेला चेंडू पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या पिना उभ्या ठेवतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पहिल्या आणि तिच्या उजवीकडच्या पिनच्या मध्ये शिरला की सगळं रान साफ होण्याची शक्यता जास्त. लेनवर तेल लावलेलं असतं, म्हणून फाउल लाइन ओलांडून पुढे पाय टाकू नका. गुण जातात ते जातातच, पण तिथे पाय खरोखर सटकतो.

गुण पडद्यावर आपोआप मोजले जातात, पण ते कसे मोजतात हे कळलं की खेळात जान येते. एकूण दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक, आणि त्या फ्रेमला दहा अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण. दोन चेंडूंत मिळून दहा पडल्या तर स्पेअर, त्याला दहा अधिक पुढच्या एका चेंडूचे गुण. म्हणजे पहिल्या फ्रेमला स्ट्राइक आणि दुसरीत ७ व २ पडल्या, तर पहिली फ्रेम १९ ची होते आणि एकूण २८. त्यामुळे मागे पडलेला माणूस शेवटच्या दोन फ्रेममध्ये पुढे येऊ शकतो. शेवटच्या फ्रेमला स्ट्राइक बसला की दोन चेंडू जास्तीचे मिळतात, म्हणून सलग बारा स्ट्राइकचे ३०० ही सर्वोच्च गुणसंख्या. आमच्यापैकी कुणी शंभरी गाठली तरी आम्ही शेजारचे वळून बघतील इतका आरडाओरडा केला.

तेजसने सुरुवातीलाच विचारलं, "निखिल, तू आधी खेळलायस का कधी?"

"नाही न. कंचे लय खेळलो पण," निखिल म्हणाला (कंचे म्हणजे गोट्या), आणि दुसऱ्याच फ्रेमला त्याने स्ट्राइक मारला.

तिथून पुढे तेजस त्याला सोडेचना. अंगठा कसा ठेवलास, पाय कुठून सुरू केलास, पुन्हा दाखव. पाच जण खेळत असले की एकाची पाळी आली तरी चार जण बसलेले असतात आणि प्रत्येक वेळी वेगळे चार. तुमची पाळी संपवून तुम्ही परत येता तेव्हा शेजारी दुसरंच कुणी असतं. एरवी अबोल असलेली अनुजा आणि निखिल मागच्या बाकावर कधी बोलायला लागले मला कळलंही नाही. मी चेंडू सोडून वळले तर दोघं नागपूरच्या उन्हाळ्यावर आणि वाळ्याच्या कूलरवर रंगात आले होते. मला या खेळात सर्वांत आवडतात त्या या मधल्या बसण्याच्या जागा. म्हणून सहापेक्षा जास्त माणसं एका लेनवर घेऊ नका, पाळी इतकी उशिरा येते की लोक मोबाइल काढतात. पाच जणांचा एक गेम साधारण तासभर चालतो. दोन गेम पुष्कळ झाले. तिसऱ्या गेमला मनगट बोलायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी भाकरी मोडतानाही जाणवतं.

शनिवार-रविवारी संध्याकाळी दर चढे असतात आणि रांगही लांब. दुपारी जा, किंवा जमलं तर कामाच्या दिवशी. वाढदिवसाच्या पार्ट्या संध्याकाळीच येतात. लहान मुलं सोबत असतील तर लेनच्या कडेचे कठडे वर करून मागा, म्हणजे चेंडू नाल्यात जात नाही आणि मुलांचा हिरमोड होत नाही. तिथलं खाणं मला सांगण्यासारखं वाटलं नाही. भूक रविवारसाठी राखून ठेवा.

भीमथडी जत्रा डिसेंबरात भरते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ती सुरू केली आणि राज्यभरातल्या महिला बचत गटांना पुण्यात थेट गिऱ्हाईक मिळवून दिलं. चुलीवर बसलेली बाईच आपल्याला वाढते, तिच्याच गावची मिरची, तिच्याच घरचा मसाला. शहरात शेकडो हॉटेलं असताना मी दर डिसेंबराला इथे ओढीने जाते ती यासाठी. तारखा ठरल्या की जाहीर होतात, त्या बघून सुट्टीचा पहिला दिवस धरा. मेट्रोने येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला (स्थानकाचं आताचं नाव जिल्हा न्यायालय) गाडी बदलून एकच स्थानक पुढे शिवाजीनगरला उतरावं आणि तिथून रिक्षा करावी. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, सरकते जिने उतरता उतरताच वेळ जातो, तेवढी मिनिटं हिशोबात धरा. गाडी घेऊन यायचा विचार सोडून द्या.

सकाळी अकराच्या सुमारास आत गेलात तर चुली नुकत्या पेटलेल्या असतात आणि बसायला जागा मिळते. दीड वाजल्यानंतर ताट हातात धरून उभं राहावं लागतं. आमचा नियम साधा होता: एका स्टॉलवर एकच प्लेट, पाच चमचे. पाच जणांनी पाच ठिकाणी आपापलं जेवण घेतलं तर प्रत्येकाचं पोट एकाच पदार्थावर भरतं. वाटून खाल्लं तर दहा-बारा चवी सहज होतात. सौम्य पदार्थांपासून सुरुवात करा, तिखट शेवटी, नाहीतर पहिल्या रश्श्यानंतर जिभेला काही कळत नाही.

आम्ही मासवडीपासून सुरुवात केली. जुन्नर-नारायणगावकडची ही वडी नावाला मास, पण पूर्ण शाकाहारी: बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण आणि कोथिंबिरीचं सारण भरून गुंडाळी करतात, कापतात आणि रश्श्याबरोबर खातात. आधी एक वडी कोरडीच खा, सारणाची चव तेव्हाच कळते. मग खानदेशी स्टॉलवर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. जळगावकडच्या त्या हिरव्या, मोठ्या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे. ती काड्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालतात. टोमॅटोचा पत्ता नाही. ज्वारी आणि उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी तव्यावरून उतरताच खायला हवी, म्हणून आधी भरीत घेऊन ठेवा आणि भाकरी थापली जाईपर्यंत थांबा. सईने "मावशी, अजून एक" म्हटल्यावर मावशींनी भाकरीबरोबर तेलातली मिरची स्वतःहून वाढली.

विदर्भाच्या रांगेत आलो आणि निखिल पुढे झाला. आदल्या दुपारी तेजसशी जपून बोलणारा हाच मुलगा आता म्हणाला, "अबे तेजस, सावजी आहे हे. ताक घेऊन ठेव आधी, मंग बोल." सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचा स्वयंपाक, काळपट, तेलाचा तवंग असलेला, मसाला भाजून वाटलेला. त्याने मटण रस्सा घेतला, माझ्या आणि अनुजाच्या शाकाहारी पोटांसाठी पाटोडीचा रस्सा आणि वर सांबारवडी (सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर). गरम सांबारवडी मोडली की आतून कोथिंबिरीचा वास येतो, तिच्याबरोबर कढी मागा. स्टॉलवरच्या काकू उमरेडच्या निघाल्या, निखिलची आजी तिथलीच. मग काय, आम्ही चौघं खात होतो आणि ती दोघं गल्ल्या, शाळा, बाजाराचा वार असं करत राहिली. त्याला इतकं मोकळं मी पुण्यात फार थोड्या वेळा पाहिलं आहे. सावजीचा तिखटपणा तोंडात लगेच कळत नाही, तिसऱ्या घासाला कळतो. नाजूक पोटाच्या माणसाने दोन घासांवर थांबावं.

मांडे बघितल्याशिवाय परतू नका. पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढा पातळ होतो आणि उपड्या खापरावर पडतो. आम्ही तिथे खाण्यापेक्षा बघण्यातच जास्त वेळ उभे होतो. एक मांडा पाच जणांना दुधा-तुपाबरोबर पुरला.

सोबत काय न्यावं? दोन-तीन रिकामे डबे, पाण्याची बाटली, रुमाल आणि सुट्टे पैसे. गर्दी वाढली की मोबाइलचं नेटवर्क अडखळतं, क्यूआर कोडसमोर सगळे ताटकळतात, आणि पन्नासाची नोट पुढे करणारा आधी जेवतो. मैदानावर धूळ उडते, ज्यांना त्रास होतो त्यांनी तोंडाला बांधायला काहीतरी ठेवावं. पापड, कुरडया, मसाले, इंद्रायणी तांदूळ यांची खरेदी अगदी शेवटी करा, नाहीतर पाच किलो तांदूळ खांद्याला लावून रांगांमध्ये उभं राहावं लागतं. आणि घासाघीस करू नका. त्या दरात त्या बाईची रात्रभराची तयारी आहे, गावाहून सामान आणण्याचा खर्च आहे.

डिसेंबर चुकला तरी पुण्यात असा बेत अडत नाही. रमजानच्या महिन्यात रोजा सुटल्यानंतर मोमीनपुरा आणि कोंढव्याचं कौसरबाग रात्री उशिरापर्यंत जागं असतं. तिथेही एक प्लेट, पाच चमचे हाच नियम चालवा आणि शेवट मालपुव्याने करा. उपवास सोडणाऱ्यांची घाई असते, त्यामुळे इफ्तारच्या वेळेला गर्दी न करता तासाभराने जा. मार्केट यार्डातला आंबा मे महिन्यात पाच जणांनी मिळून पेटी घेतली तर परवडतो आणि वाटणीही सरळ होते.

आमचं पुढचं ठरलं आहे हुरड्याचं. जानेवारीत ज्वारीची कणसं दुधाळ असतात, गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून, लसणाच्या चटणीबरोबर खायची. पुण्याच्या आसपास शेतांवर हुरडा पार्ट्या होतात, पण शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. नोंदणी आत्ताच करा, सकाळची वेळ मागा आणि हुरडा कोणत्या वाणाचा आहे ते फोनवरच विचारा. सुरती किंवा गूळभेंडी म्हणाले तर लगेच हो म्हणा.