व्हर्मीरची गल्ली: आता विटांपर्यंत पोचलोय

अंडरपेंटिंग (रंगांखालचा पहिला एकरंगी थर) नीट वाळलं आणि आता रंगात शिरलोय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, ऑइल पेंटिंग शिकायला सतराव्या शतकातल्या डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं 'द लिटल स्ट्रीट' कॉपी करायला घेतलंय, साधारण १६५८ चं, नेदरलँड्सच्या डेल्फ्ट गावातलं एक जुनं विटांचं घर. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये आहे आणि ते फक्त ५४.३ बाय ४४ सेंमी आहे, त्यामुळे कॅनव्हास त्याच मापाचा घेतला. हे शिकणाऱ्याने करावंच असं मला वाटतं, कारण मग ब्रश केवढा धरायचा, रंग किती लावायचा हे मूळ चित्रच सांगतं.

घर जवळपास समोरून दिसतं म्हणजे पर्स्पेक्टिव्हची फार कटकट नाही, आणि आभाळ ढगाळ असल्यामुळे कडक सावल्याही नाहीत, सगळा खेळ टोनचा. म्हणून बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी नुसता उजेड-अंधार बसवला. अंबर लवकर वाळतो पण वाळल्यावर मॅट पडतो, गडद जागा फिक्या वाटायला लागतात, तेव्हा पुढचा रंग लावण्याआधी तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घेतला की खरा टोन परत दिसतो.

आता विटा. लांबून वाटतं की त्याने एकेक वीट काढलीय, झूम करून बघितलं तर तसं नाहीच!! खाली लालसर तपकिरी थर, तोही एकसारखा नाही, कुठे गरम कुठे राखाडी, आणि त्यावर दरजांच्या, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यांच्या, फिकट रेषा, त्या मध्येच तुटतात, मध्येच जाड होतात. मी बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन (निळा) घेऊन तसा थर दिलाय, तो हाताला चिकटेनासा झाला की मग लायनरने (लांब, बारीक ब्रशने) दरजा. सगळ्या दरजा सारख्या ओढल्या की भिंत वहीच्या पानासारखी होते, त्यामुळे जिथे तडे बुजवलेत तिथे भर द्यायचा आणि बाकी ठिकाणी हात आवरायचा. मला तर हे तडेच चित्राचा जीव वाटतात, माणसं सोडा, भिंतच किती वर्षं जगलीय ते दिसतं.

खालचा चुना लावलेला भाग मात्र अवघड आहे. व्हर्मीरकडे लेड व्हाइट (शिशाचा पांढरा) होता, आपल्याकडे टायटॅनियम व्हाइट, तो थंड आणि फार जोरकस, जरासा जास्त पडला की बाकीचे रंग खाऊन टाकतो. त्यात ऑकर आणि किंचित अंबर घालून कोरड्या ब्रशने घासतोय, खालचा तपकिरी थोडा दिसू देत, आणि ते छान जमून येतंय.

डावीकडच्या वेलीची पानं आज निळसर दिसतात, कारण हिरव्यातला पिवळा काळाच्या ओघात उडून गेलाय. मी निळीच ठेवणार, कारण मी जे चित्र बघून शिकतोय ते आजचं आहे, मूळ हिरवा किती होता हे अंदाजाने रंगवण्यात मला रस नाही.

दारातली शिवणकाम करणारी बाई आणि फरशीवरची दोन मुलं सगळ्यात शेवटी, भिंत पूर्ण वाळल्यावर. तोवर कुणी टायटॅनियमऐवजी झिंक व्हाइट मिसळून वापरला असेल तर सांगा, दरजांसाठी तो मऊ पडेल असं वाटतंय.