लेझरची रेघ आणि पडणारा ईएलसीबी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील माझ्या गाळ्यात विजेवर चालणारी हत्यारे दुरुस्तीला येतात आणि गेल्या काही वर्षांत त्यांत घरगुती कारागिरांच्या करवतींची संख्या बरीच वाढली आहे. नोकरीतून निवृत्त झालेली, हाताला कामाची सवय असलेली माणसे घराच्या मागच्या खोलीत छोटी कार्यशाळा थाटतात, मायटर सॉ, म्हणजे टेबलावर बसवलेली, वरून खाली आणून आडवे किंवा तिरके कापणारी करवत, घेतात, आणि थोड्याच दिवसांत त्या करवतीला लेझर बसवावा असे त्यांना वाटू लागते. ही इच्छा मला रास्त वाटते. साठीनंतर जवळचे नीट दिसत नाही, पेन्सिलची बारीक रेघ पात्याच्या गार्डखाली झाकली जाते, आणि पाते नेमके कुठे उतरणार हे लाकडावर उजेडात दिसले तर हात स्थिर राहतो. परंतु बाजारात अगदी स्वस्तात मिळणारे लेझरचे मॉड्यूल आणून ते करवतीला चिकटवले की काम झाले, हा समज फार पसरला आहे. तो किती महागात पडू शकतो हे मी मागच्या जुलैमध्ये कोपरखैरण्याच्या एका घरात पाहिले.

फोन आला तो अगदी साध्या तक्रारीचा होता. रो-हाउसमध्ये राहणारे एक काका, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात देखभाल विभागात आयुष्य घालवलेले, सागवानाचे देवघर करत होते. त्यांच्या दहा इंची मायटर सॉवरचा लेझर दोन मिलिमीटर चुकतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सॉ जड असल्यामुळे तो गाळ्यात आणण्याऐवजी मीच माझ्या शिकाऊ मुलाला घेऊन तिकडे गेलो. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. कार्यशाळेतील शहाबादी फरशी ओलसर होती आणि लोखंडी स्टँडच्या एका पायाचा रबरी बूट गळून पडला होता.

काकांनी आधी त्यांची वही माझ्यापुढे ठेवली. १२ मिलिमीटरच्या प्लायला दीड, १८ ला दोन, २५ ला तीन, ४५ च्या सागवानी खांबाला साडेपाच, असा तक्ता त्यांनी स्वतः मोजून तयार केला होता. लाकडाच्या जाडीप्रमाणे पेन्सिलची खूण तितकी सरकवायची आणि मग लेझरवर भरवसा ठेवायचा, अशी त्यांची रीत होती. तक्ता पाहताच दोष कुठे आहे ते कळले, कारण जाडी आणि चूक यांचे प्रमाण सर्वत्र जवळपास सारखेच येत होते. मॉड्यूल मोटरच्या आवरणावर, पात्यापासून सुमारे ३० मिलिमीटर डावीकडे आणि टेबलापासून सुमारे २५० मिलिमीटर उंचीवर चिकटवलेले होते, आणि त्याची रेघ टेबलावर पात्याच्या जागी पडावी म्हणून ते तिरके केलेले होते. तिरका उजेड टेबलावर जिथे बरोबर पडतो, तिथे तो टेबलापेक्षा वर असलेल्या पृष्ठावर बरोबर पडू शकत नाही. दर २५ मिलिमीटर जाडीमागे रेघ ३ मिलिमीटर सरकणारच.

मी काकांना म्हणालो, "प्लग काढा आणि करवतीचे डोके सावकाश खाली आणू या. त्याआधी मला एकदा सगळीकडे टेस्टर लावून बघू द्या."

परक्याच्या हत्याराला हात लावण्यापूर्वी त्याच्या उघड्या धातूला टेस्टर लावायचा, हा माझ्या कामाचा पहिला नियम आहे आणि गाळ्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी तो आधी शिकवतो. सॉचा स्विच बंद होता, केवळ प्लग लावलेला होता, तरीही ॲल्युमिनियमच्या आर्मला टेस्टरचे टोक टेकताच आतला दिवा ठळक पेटला. माझा शिकाऊ मुलगा त्याच वेळी हँडल धरायला पुढे झाला होता. मी त्याचा हात मागे ओढला आणि भिंतीवरचे बटण बंद केले.

काका शांतपणे म्हणाले, "अहो, थोड्या झिणझिण्या येतात खऱ्या. पण त्या रोज येत नाहीत. मला वाटले, पावसाळी दमटपणा असेल."

आतून चहा घेऊन आलेल्या काकूंनी मात्र त्याहून नेमके सांगितले. "ही लाल रेघ आल्यापासून घरातला ईएलसीबी पडतो. ज्या दिवशी मी इथला केर काढायला प्लग काढून ठेवते आणि हे तो परत लावतात, त्याच दिवशी बहुतेक पडतो. फ्रीज बंद पडतो म्हणून माझ्या लक्षात राहिले."

ईएलसीबी म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. काकूंचे हे निरीक्षण ऐकल्यावर मला उघडून पाहण्याआधीच अर्धे उत्तर मिळाले. सॉचा प्लग दोन गोल पिनांचा होता आणि तो ॲडॅप्टरमध्ये दोन्ही बाजूंनी बसत होता. मी मल्टिमीटरची एक तार बोर्डाच्या अर्थिंगला आणि दुसरी सॉच्या आर्मला लावली. प्लग एका बाजूने घातला तेव्हा मीटरवर काही व्होल्ट दिसले. तोच उलटा घातला तेव्हा आकडा २३० च्या आसपास जाऊन थांबला. काका तो आकडा बराच वेळ पाहत राहिले. आयुष्यभर कारखान्यात परमिट आणि लॉकआउट (दुरुस्तीआधी लेखी परवानगी घेऊन, वीज तोडून कुलूप लावणे) सांभाळलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हँडल उघडल्यावर कारण दिसले. लेझरला ५ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि तो देण्यासाठी ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनने नाइट लॅम्पमध्ये असते तसले सर्किट आत बसवले होते: प्रवाह मर्यादित ठेवणारा एक कपॅसिटर, एसीचा डीसी करणारे चार डायोड आणि व्होल्टेज ठरावीक आकड्यावर थोपवणारा एक झेनर. या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. दोन तारांमध्ये मोजले तर ५ व्होल्टच मिळतात, पण त्या दोन्ही तारा घरातील मुख्य विजेपासून तुटलेल्या नसतात. फेज कपॅसिटरच्या बाजूने आला तर डायोडच्या पुढच्या तारा न्यूट्रलच्या जवळ राहतात आणि धोका कळून येत नाही. प्लग उलटा झाला की फेज थेट डायोडमधून पुढे जातो आणि त्याला अडवणारे मध्ये काहीच उरत नाही. त्यात भर म्हणजे या स्वस्त लाल लेझर मॉड्यूलांचे पितळी आवरण बहुधा आतून धन टोकाला जोडलेले असते. ते आवरण लोखंडी क्लिपने ॲल्युमिनियमच्या आर्मला आवळले होते. रेघ कापण्याआधीच दिसावी म्हणून जोडणी स्विचच्या अलीकडून घेतली होती, त्यामुळे प्लग लावताच सबंध करवतीत वीज उतरत होती.

या सॉच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण होती. ती दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे. अशा हत्याराला अर्थिंगची तार नसते. कारखान्याने विजेचा भाग आणि हाताला लागणारा धातू यांच्यामध्ये दोन वेगळे अडसर ठेवलेले असतात आणि वापरणाऱ्याचा जीव त्या दोन अडसरांवर अवलंबून असतो. बाहेरून आणलेल्या एका छोट्या सर्किटने ते दोन्ही अडसर एकाच वेळी ओलांडले होते. काकांच्या पायात रबरी चप्पल होती आणि ३० मिलिॲम्पियरचा ईएलसीबी चालू स्थितीत होता, म्हणून त्या दिवशी आम्ही बोलत बसू शकलो. तो वारंवार पडतो म्हणून बदलून टाकायचे काकांच्या मनात होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले, आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

ते सगळे सर्किट मी काढून टाकले, मूळ वायरिंग होते तसे केले आणि ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घेतले. लेझरसाठी मुख्य विजेची गरजच नव्हती. असे मॉड्यूल साधारण ३० मिलिॲम्पियर घेते. पेन्सिल सेलपेक्षा बारीक असे तीन ट्रिपल-ए सेल ४.५ व्होल्ट देतात आणि चांगले अल्कलाइन सेल घातले तर पंचवीस-तीस तास सहज चालतात. मी सेलची प्लास्टिकची डबी आर्मच्या मागे बसवली, अंगठ्याजवळ एक छोटे बटण दिले आणि मॉड्यूल नायलॉनच्या बुशमध्ये (वीज न वाहणाऱ्या कड्यात) घालून मगच ते धातूच्या ब्रॅकेटमध्ये धरले. जुन्या मॉड्यूलवर ५ मिलिवॉटपेक्षा कमी एवढाच मोघम मजकूर होता. त्याऐवजी मी १ मिलिवॉटचे, लेझरच्या सुरक्षा वर्गीकरणातील वर्ग २ चे घेतले. त्या वर्गाचा दृश्य उजेड चुकून डोळ्यात गेला तरी पाव सेकंदात पापणी मिटते आणि ते संरक्षण पुरेसे ठरते. करवतीचे नवे पाते आरशाइतके चकचकीत असते आणि लेझर नेमका त्याच्याच अंगावरून जातो, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतरचे काम संयमाचे होते आणि मला ते मनापासून आवडते. लेझरच्या पुढे असलेली नळीच्या आकाराची भिंग बिंदूला पसरवून उजेडाचा एक सपाट पडदा तयार करते. हा पडदा पात्याच्या प्रतलातच असला पाहिजे, एवढीच सगळ्या जुळणीची अट आहे. ती पाळली गेली की लाकूड जाड असो वा पातळ, डोके वर असो वा खाली, रेघ जागची हलत नाही. काकांना ते पटावे म्हणून जुने मॉड्यूल काढण्यापूर्वी मी त्याला सुट्या सेलवर लावले आणि प्लग काढलेल्या सॉचे डोके हळूहळू खाली आणले. रेघ पात्यापासून डावीकडे सरकत गेली आणि डोके १०० मिलिमीटर उतरले तेव्हा ती पात्यापासून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास दूर पडली. काकांनी काही न बोलता वहीतल्या तक्त्यावर आडवी रेघ मारली.

नवे मॉड्यूल मी पात्याच्या मागे, आर्मच्या सांध्याजवळ बसवले. पण त्याआधी करवत स्वतः काटकोनात कापते की नाही ते पाहिले, कारण वाकड्या करवतीवर सरळ लेझर बसवला तर माणूस अधिक विश्वासाने वाकडे कापतो. एक रुंद फळी कापली, एक तुकडा उलटा केला आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या. मध्ये दिसणारी फट चुकीच्या दुप्पट असते. फट दिसली, मग फेन्सचे, म्हणजे लाकूड टेकवायच्या मागच्या पट्टीचे, बोल्ट सैल करून ती सारखी केली. नंतर टेबलावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, उभा ठेवला आणि लाल रेघ त्याच्या उभ्या कडेवर खालपासून वरपर्यंत एकसारखी चढेपर्यंत मॉड्यूल बुशमध्ये फिरवले. त्यानंतर एका फळीत अर्धवट खाच पाडली आणि रेघ त्या खाचेच्या डाव्या कडेला समांतर केली. शेवटी ब्रॅकेट बाजूला सरकवून रेघ कडेवर आणली. पात्याचे दात पत्र्यापेक्षा दोन्ही अंगांनी किंचित बाहेर असतात, म्हणून रेघ पत्र्याला न जुळवता दाताच्या टोकाला जुळवावी लागते. या पात्याची खाच ३ मिलिमीटरच्या आसपास होती, सुतारांच्या मापात जवळजवळ एक सूत. रेघ खाचेची कोणती कड दाखवते आणि टाकाऊ भाग कोणत्या बाजूला जातो हे ठरवले नाही, तर तेवढ्याच सुताने प्रत्येक तुकडा आखूड होतो. डावी कड ठरली आणि काकांनी आर्मवर पांढऱ्या रंगाने तसा बाण काढला.

खात्री करून घेण्यासाठी आधी ६ मिलिमीटरची पट्टी आणि मग ४५ चा सागवानी ठोकळा रेघेवर कापला. दोन्ही ठिकाणी पेन्सिलची रेघ निम्मी शिल्लक राहिली. ब्रॅकेटचे स्क्रू मग थ्रेड-लॉक लावून पक्के केले, कारण मोटरची थरथर महिन्याभरात कोणतीही जुळणी बिघडवते. चिकटवलेला गोंद मोटरच्या उष्णतेने आधी सुटतो. भिंगावर भुसा बसला की रेघ जाड आणि पुसट होते, तेव्हा भिंग मऊ कापडाने पुसायची, हेही सांगितले. एक गोष्ट मी काकांना स्पष्टपणे बोललो. पात्यावर वरून एलईडीचा उजेड टाकून त्याची सावली लाकडावर पाडायची पद्धत मला लेझरपेक्षा अधिक भरवशाची वाटते, कारण त्या सावलीला खाचेच्या दोन्ही कडा असतात आणि तिची जुळणी बिघडत नाही. परंतु सावली दिसायला पाते लाकडाच्या जवळ आणावे लागते, आणि काकांना दुरून दिसणारी लाल रेघच हवी होती. त्यांच्या डोळ्यांची गरज तेच ओळखणार.

निघता निघता काकांनी कोपऱ्यातला चार इंची मार्बल कटर पुढे केला. त्याला ११० मिलिमीटरचे लाकडाचे पाते लावलेले होते आणि गार्ड काढून टाकलेला होता. त्यावरही असाच लेझर बसवून द्या, असे ते म्हणाले. मी नाही म्हणालो. हे यंत्र दगड आणि फरशी कापण्यासाठी बनलेले असते, मिनिटाला १२,००० पेक्षा जास्त फेरे घेते, आणि लाकडात पाते अडकले तर ते हातातून मागे उसळते. रेघ मिळाली की हात धीट होतात आणि नजर पात्यावरून हटते. सरळ कापासाठी सात इंची सर्क्युलर सॉ घ्यावा, त्याचा आपोआप मिटणारा गार्ड शाबूत ठेवावा आणि क्लॅम्पने आवळलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला टेकवून तो चालवावा, असे मी सुचवले. त्या रीतीत लेझर लागतच नाही. काकांनी कटरचे पाते माझ्यासमोर काढले.

काढलेले सर्किट मी पिशवीत घालून काकांकडे ठेवले आणि बसवणाऱ्याला ते दाखवून माझ्याकडे पाठवा, असे सांगितले. सोमवारी तो इलेक्ट्रिशियन स्वतः गाळ्यावर आला. तरुण मुलगा होता, नीट ऐकणारा. मीटर लावून प्लग उलटा केला तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि मग त्याने सांगितले की ऐरोलीतील एका ग्राहकाच्या टेबल सॉवरही त्याने हेच सर्किट बसवले आहे आणि त्या सॉचे टेबल बिडाचे आहे. मी ग्राहकाला लगेच फोन करून प्लग काढून ठेवायला सांगितले आणि आम्ही दोघे त्याच दुपारी ऐरोलीला गेलो.